पेजेची निवळ

कर्स्टीनं तो प्रश्न विचारला आणि माझं टाळकंच सरकलं.

"घरून कोणी त्यांना वेगळं काही देतंय का? खायला, प्यायला?" तिनं अगदी हळू, गोड आवाजात विचारलं होतं. वॉर्डच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघीच होतो.

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" मी म्हटलं.

आधी काय झालं होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई उगाच भांडखोर आहे. भांडखोर मी आहेच, नागपूरची आहे, पण उगाच नाही. माझे सासू-सासरे कुडाळहून आमच्याकडे एडिनबराला आले होते. जुलै-ऑगस्ट इथे काढायचे, नातीसोबत खेळायचं, गणपतीला परत जायचं असा बेत होता. एका सकाळी बाबा दाढी करता करता बाथरूममध्ये कोसळले. स्ट्रोक. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बुद्धी मात्र लख्ख शाबूत. पोस्टमास्तर होते ते, इंग्रजी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. समोरचं सगळं कळायचं, पण एक शब्द बाहेर काढायला अर्धा दिवस झटायचे. खर्चाचं काय ते यतीन, म्हणजे माझा नवरा, इन्शुरन्सवाल्यांशी बोलत होता. तो विषय इथे नको.

कर्स्टी स्पीच थेरपिस्ट. नाव स्पीचचं, पण ती गिळण्याचंही बघते. तिनं बाबांना तपासून सांगितलं होतं की घशाचे स्नायू उशिरा हलतात. पाणी, चहा असलं पातळ काही दिलं की ते झटकन घसरतं आणि श्वासाच्या वाटेनं छातीत जातं. घट्ट असलं तर हळू उतरतं, घशाला सावरायला वेळ मिळतो. म्हणून बाबांच्या प्रत्येक पेयात एक पावडर घालून ते मधाइतकं दाट करायचं, जेवण कुस्करून द्यायचं. पलंगाच्या वर पाटी लावली होती, चमच्याचं चित्र काढून.

आणि बाबांना ते जमत होतं! कर्स्टी खूश होती. घरी न्यायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात ताप, खोकला, चेस्ट इन्फेक्शन. अँटिबायोटिकनं उतरलं. पुन्हा चढलं. पुन्हा उतरलं. आज सकाळी यतीनला वॉर्डमधून फोन आला, ताप परत आलाय. आता कन्सल्टंट बाईंचं, म्हणजे वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरांचं, म्हणणं असं, की घट्टसुद्धा छातीत जातंय, या माणसाचं गिळणं सुरक्षित नाही, तोंडानं सगळं बंद. आधी नाकातून नळी, मग पोटात नळी. आणखी एकदा छाती भरली तर वाचवणं अवघड आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुपारी मीटिंग होती. त्यात ठरणार होतं की बाबा आयुष्यात परत कधी तोंडानं जेवणार की नाही.

"मला हिशेब लागत नाहीये," कर्स्टी म्हणाली. "मी समोर बसून भरवते तेव्हा ते नीट गिळतात. मग छातीत जातंय कुठून? म्हणून विचारते, कदाचित पाहुणे कोणी..."

"पाहुणे नाहीत. आम्ही आहोत. आणि आम्हाला पाटी वाचता येते," मी म्हटलं. "इंडियन फॅमिली आहे, म्हणजे डब्यातून काहीतरी चोरून आणत असणार, असंच ना?"

तिचा चेहरा लालेलाल झाला. "मी सगळ्यांनाच विचारते."

"मग सगळ्यांना विचारा. मला नका विचारू."

आणि मी ताडताड वॉर्डमध्ये निघून गेले. काय तो माझा तोरा! बाप्पा, आठवलं तरी आजही कान तापतात.

बाबांच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. मी हात घालणार तेवढ्यात तिथली नर्स धावत आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "जरा थांबा. तुमच्या सासूबाईंची प्रेयरची वेळ आहे."

"कसली प्रेयर?"

"दुपारी एकट्या असल्या की करतात ना त्या. आम्ही त्या वेळात कोणाला आत जाऊ देत नाही." तिच्या चेहऱ्यावर एवढा आदर होता की विचारू नका.

माझ्या सासूबाई सकाळी आंघोळ झाली की देवाला हात जोडतात, उदबत्ती लावतात, आणि देवाला दिवसभराची सुट्टी देतात. दुपारी पडद्याआड जप करणाऱ्यातल्या त्या नाहीत. मी नर्सला बाजूला सारून पडदा उघडला.

आधी आला तो वास. उकड्या तांदळाच्या पेजेचा. आमच्या घरी रोज सकाळी येणारा, कुडाळहून बॅगेत भरून आणलेल्या तांदळाचा. आई पलंगाच्या कडेला टेकल्या होत्या, थर्मास मांडीशी उघडा होता, हातात स्टीलची वाटी. वाटीत पेजेची निवळ, म्हणजे वरचं पाण्यासारखं पातळ. रोज त्या थर्मास घेऊन निघायच्या, मला वाटायचं चहा असेल, हॉस्पिटलचा चहा त्यांना आवडत नाही. चमचा बाबांच्या तोंडात होता. बाबांनी घोट गिळला आणि त्यांना ठसका लागला. मोठा नाही, अगदी दुबळा, घशातल्या घशात.

आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "आठवण काढली हो कोणीतरी. वन्संनी काढली असेल. आज सोमवार ना, देवळात जाऊन आल्या असतील."

मी वाटी हिसकावून घेतली. निम्मी चादरीवर सांडली.

"आई! काय चाललंय हे?"

त्या दचकल्या. मग लगेच सावरल्या, पदरानं बाबांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ओरडू नकोस गो. लोक बघतायत."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी आईंना दंडाला धरून उठवलं आणि कॉरिडॉरच्या टोकाला नातेवाइकांसाठी एक छोटी खोली होती तिथे नेलं. दार लावलं. थर्मास त्यांनी काखेत घट्ट धरला होता.

"कधीपासून देताय?"

"बसू तरी दे."

"आई, कधीपासून?"

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "रोज नाही काही. तू असलीस की देत नाही. ताप आला की मात्र चुकवत नाही. तापात निवळच द्यायची असते."

म्हणजे निवळीनं ताप यायचा, ताप आला की अजून निवळ, आणि मग अजून ताप. आणि आम्ही सगळे, डॉक्टरांसकट, छातीचे फोटो बघत बसलो होतो.

"मी तुम्हाला सांगितलं नव्हतं? पातळ काही द्यायचं नाही म्हणून? पाटी दाखवली नव्हती?"

"दाखवलीस. मी हो म्हटलं."

"मग?"

"तू चिडतेस म्हणून हो म्हटलं."

खरंच होतं ते.

"आणि ती खळ बघितलीस तू?" आता त्यांना जोर चढला. "चहात चमचा उभा राहतो! पाण्यात खळ, दुधात खळ. कपड्यांना घालतात ती माणसाला पाजतात? ह्यांचे ओठ सुकलेले असतात, डोळ्यांनी पाणी मागतात माझ्याकडे. आजारी माणसाला पातळ द्यावं, हलकं द्यावं, हे मी काय आज शिकले? सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांना मी निवळीवर ठेवलं. यतीनला टायफॉइड झाला, निवळीवर उठवला. तुझ्या मायराच्या पोटात काही ठरेना, तेव्हा तू डॉक्टरला विचारलंस की मला?"

"तुम्हाला."

"मग आत्ताच मी कशी चुकले?"

बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या जागी माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं. आमच्याकडे वरणाचं पाणी दिलं असतं, एवढाच फरक. तापाच्या माणसाला कोणी दाट गोळा भरवतं का? आपल्यात तरी नाही. पण माझा राग आता कोणाचं ऐकत नव्हता.

"आई, पोटाचा प्रश्नच नाहीये. पोट धडधाकट आहे त्यांचं. पातळ पोटात पोचतच नाही. घशातनं थेट छातीत जातं. तो ठसका लागतो ना, ती कोणाची आठवण-बिठवण नाही. ती तुमची पेज आहे. ती फुप्फुसात जाऊन कुजते आणि मग ताप येतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा जोर ओसरला.

"प्रत्येक ठसक्याला?"

"हो."

"म्हणजे हा ताप..."

"हो आई. त्यानंच."

बोलले आणि वाटलं, जीभ झडावी माझी. निदान हळू तरी सांगायचं होतं. त्या खुर्चीत बसल्या, थर्मास मांडीवर घेऊन. रडल्या नाहीत. फक्त थर्मासचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या. पुन्हा उघडत होत्या. मला त्यांना जवळ घ्यायचं होतं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवायचंही होतं, आणि मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

यतीन ऑफिसमधून धावत आला तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी आईकडे बघत राहिला, मग खाली मान घालून त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. आणि मग त्यानं पहिला प्रश्न विचारला, "कोणाला सांगितलंस?"

"अजून कोणाला नाही."

"सांगू नकोस."

"काय?"

"चैत्राली, ऐक. हे लोक असल्या गोष्टी फार सीरियसली घेतात. पेशंटला धोका, सेफगार्डिंग, नाना भानगडी. आईला वॉर्डमध्ये येऊ देणार नाहीत. तिला समोर बसवून प्रश्न विचारतील, तिला धड इंग्लिश येत नाही. मरेल ती."

"आणि बाबांच्या पोटाला भोक पाडतील त्याचं काय?"

"नळी काढता येते परत."

"कधी? कोण सांगणार कधी? एक घोट तोंडानं मिळणार नाही त्यांना. गिळता येणाऱ्या माणसाला! फक्त आपण गप्प बसलो म्हणून!"

"आजपासून बंद करू ना आपण पेज. आपोआप बरे होतील."

"अरे पण त्यांना कसं कळणार, काय बंद झालं ते? त्यांच्या लेखी घट्टानंच ताप आलाय. आज ते घट्ट बंद करणार."

त्यानं आईकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ती माझी आई आहे."

"आणि आत झोपलेत ते कोण आहेत?"

खरं सांगू? मला आईंची दया येत होती, बाबांची भीती वाटत होती, हे सगळं होतंच. पण आतून मला दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. त्या कर्स्टीसमोर आता कोणत्या तोंडानं उभी राहू? तासाभरापूर्वी मी तिला जे सुनावलं होतं ते गिळायचं कसं? एक क्षण, फक्त एक क्षण, मला यतीनचं म्हणणं पटायला लागलं. मग मला माझीच किळस आली.

आई आमचं भांडण ऐकत होत्या. "नळी म्हणजे काय करतात?" त्यांनी मध्येच विचारलं.

मी सांगितलं. नाकातून, मग पोटातून. पिशवीतलं दूध थेंब थेंब जातं.

"आणि तोंडानं?"

"काही नाही."

"किती दिवस?"

"माहीत नाही. कदाचित कायमच."

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट पिरगाळून लावलं, तो पिशवीत ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या. "चला," म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई आल्या असतील."

आल्याच होत्या. बाबांच्या पलंगाशी कन्सल्टंट बाई, कर्स्टी आणि ती मघाची नर्स. नर्सनं चादर बदलली होती. पेज सांडलेली तिनं बघितली असणार, पण बोलली नाही. मला पाहून कर्स्टीनं मान खाली घातली. कन्सल्टंट बाई चांगल्या होत्या, बाबांकडे बघून, बाबांशीच बोलत होत्या. फोटोत काय दिसतंय, ताप किती, आता तोंडानं देणं किती धोक्याचं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. आई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. यतीननं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"तर आज संध्याकाळी आपण नाकातून नळी घालू," बाई म्हणाल्या. "त्याआधी फॅमिलीला काही सांगायचंय?"

"नाही," यतीन म्हणाला.

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. एवढी तोंडाळ बाई मी, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या माणसांशी भांडते, बॉसशी भांडते, आणि नेमकं तेव्हा कर्स्टीच्या बुटांकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात आईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि सगळ्यांसमोर पलंगावरच्या सरकत्या टेबलावर ठेवला. ठक्कन आवाज झाला.

"आय गिव्ह," त्या म्हणाल्या. छातीवर हात ठेवला. "मी. माय हँड."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "सांग तिला. सगळं सांग, एक अक्षर लपवू नकोस. प्रेयर खोटी होती तेही सांग. आणि म्हणावं, मला काय करायचं ते करा, पण ह्यांच्या नाकात काही घालू नका. ते नीट गिळतात. मीच चुकीचं दिलं."

"आई..." यतीन पुढे झाला.

"तू गप. एवढं मोठं केलं तुला, ते माझं पाप झाकायला नाही."

मी सांगितलं. थर्मासमध्ये काय आहे, कधी दिलं, तापात जास्त का दिलं. प्रेयरचं सांगताना नर्स मटकन खुर्चीत बसली. मग मी कर्स्टीकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही मला विचारलं होतं. मी तुमच्यावर ओरडले. माझं चुकलं."

ती "इट्स ओके" म्हणाली नाही, ते बरं झालं. तिनं फक्त मान हलवली आणि थर्मास उघडून आत बघितलं.

कन्सल्टंट बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, हे फार महत्त्वाचं आहे, सांगितलंत म्हणून आभार. हे नोंदवावं लागेल, आणि यापुढे सासूबाईंना भरवायचं असेल तर स्टाफपैकी कोणीतरी सोबत बसेल. यतीनचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

पण कर्स्टीचं समाधान झालं नव्हतं. ती बाबांजवळ वाकली. "मुरली," ती म्हणाली, बाबांचं पूर्ण नाव तिला जमायचं नाही, "मी तुम्हाला समजावलं होतं, आठवतं? पातळ चुकीच्या वाटेनं जातं म्हणून?"

बाबांनी डोळे उघडले. मान हलवली. हो.

"ही पेज पिताना ती चुकीच्या वाटेनं जातेय, हे तुम्हाला कळत होतं?"

हो.

"प्रत्येक वेळी?"

हो.

मी यतीनकडे बघितलं, यतीननं माझ्याकडे. कर्स्टीनं अगदी हळू विचारलं, "मग तुम्ही नाही का म्हटलं नाही?"

बाबांचे ओठ हलायला लागले. डावा हात चादरीवरून उचलला गेला, आईंच्या दिशेनं. घशात घरघर झाली. "ही..." ते म्हणाले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. कपाळावर घाम आला. "ही... आण...ते."

"काय विचारलं तिनं?" आईंनी मला दंडाला धरून विचारलं. "ह्यांना काय विचारत होती ती?"

सांगावं की नाही मला कळेना. पण त्या बाईनं आत्ताच सगळ्यांसमोर काय केलं होतं! तिच्यापासून आता काही लपवायचा मला काय अधिकार होता?

"त्यांना माहीत होतं, आई. पहिल्यापासून. पेज छातीत जाते हे त्यांना कळत होतं. तुम्ही आणता म्हणून ते पीत होते."

आईंनी माझा दंड सोडला. त्या पलंगाजवळ गेल्या आणि मला वाटलं आता त्या कोसळणार. यतीननं खुर्ची पुढे केली. त्यांनी ती पायानंच मागे ढकलली.

"माहीत होतं?" त्या बाबांना म्हणाल्या. "अहो, माहीत होतं तुम्हाला? लग्न झाल्यापासून माझ्या हातच्या प्रत्येक घासाला नावं ठेवलीत तुम्ही! आमटी पाणचट, भात फडफडीत, बांगड्याला तिरफळ कमी. माझ्या भावांसमोर ताट बाजूला सारलंत! 'बरं झालंय' एवढं दोन शब्दांचं बोलणं एक दिवस तुमच्या तोंडून ऐकलं नाही मी. जन्मभर मला नाही म्हणत आलात. आणि मी तुम्हाला माझ्या हातानं मरण पाजत होते, तेव्हा मुकाट पीत राहिलात? तेव्हा नाही सारता आली वाटी? हा डावा हात धड आहे ना तुमचा?"

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा स्कॉटिश माणूस पेपर खाली करून बघत होता. बाबांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला तो डावा हात वर गेला, पण आईंनी तो मध्येच पकडला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला.

"काय म्हणतायत त्या?" कन्सल्टंट बाईंनी मला विचारलं.

"जेवणाबद्दल बोलतायत," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

बाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, आज नळी नको. अँटिबायोटिक सुरू ठेवू, फक्त घट्ट देऊ, आणि आठवडाभर बघू. पातळ काही न देताही छाती भरली तर मात्र नळीला पर्याय नाही. वचन देत नाही, त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वचन मागायला आमच्याकडे तोंड तरी कुठे होतं?

कर्स्टी पावडरचा डबा घेऊन आली. तिनं थर्मासमधली पेज वाटीत ओतली आणि चमचा आईंच्या हातात दिला. स्वतः पावडर टाकत गेली आणि आईंना खुणेनं ढवळायला सांगत राहिली. आई ढवळत होत्या, पेज दाट होत गेली. कर्स्टीनं चमचा वर धरून दाखवला, सावकाश ओघळायला हवं, एवढं. आईंनी दोनदा स्वतः करून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही तेच होतं, ही खळ. पण बोलल्या नाहीत.

"तुम्हीच भरवा," कर्स्टी म्हणाली आणि बाबांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून बसली.

पहिला चमचा. बाबांनी गिळला. आम्ही सगळे त्यांच्या घशाकडे बघत होतो. ठसका नाही. कर्स्टीनं मान हलवली. दुसरा चमचा. तोही उतरला.

तिसरा चमचा ओठांशी आला आणि बाबांनी तोंड गच्च मिटलं. मान वळवली. डाव्या हातानं आईंचा हात बाजूला सारला.

"दुखतंय?" कर्स्टी पटकन म्हणाली. "घशात अडकलं?"

बाबांनी मान हलवली. नाही. ओठ पुन्हा झगडायला लागले. यतीन पलंगाचा कठडा धरून पुढे वाकला.

"अ..." बाबा म्हणाले. "अळ... णी."

आईंचा चमचा हवेतच राहिला. त्या बाबांकडे बघत राहिल्या. मग पदराचं टोक डोळ्यांना लावून, मागे वळून न बघताच त्या मला म्हणाल्या, "विचार गो तिला, मीठ चालेल का?"